चला, सगळे चला

ही गोष्ट घडलेली आहे.

पटलीच पाहिजे अशी सक्ती नाही. ज्याच्या घरात घडली त्या वरदलाही ती अजून पटलेली नाही. तरी तो तिच्यासोबत राहतो. दुसरीकडे जाणार कुठे? शाळेची बस त्याच गल्लीत येते.

जागा म्हणजे दुबईतलं अल मनखूल. जुनी बिल्डिंग, चौथा मजला. खाली केरळी कॅफेटेरिया, शेजारी सलून.

वेळ... दुपारची.

भुताची गोष्ट आणि दुपारी? पण मनखूलला रात्री घाबरायची सोयच नाही. अकरा वाजता खाली पोरं सायकली फिरवतात आणि माणसं गाड्यांच्या बॉनेटला टेकून कडक चहा पीत ऑफिसला शिव्या घालतात. भूत आलंच तर त्याला पार्किंग मिळणार नाही. खरा शुकशुकाट असतो उन्हाळ्यातल्या दुपारी. रस्त्यावर माणूस नाही. मांजरंसुद्धा गाड्यांखाली. खिडक्या बंद, पडदे ओढलेले. घरात फक्त तुम्ही.

आणि तुमच्याबरोबर जे कोणी आत असेल ते.

वरद बेचाळिशीचा. जुमेरा लेक टॉवर्समध्ये एका फ्रेट कंपनीत नोकरीला. बायको अनुराधा समोरच्याच टॉवरमध्ये दुसऱ्या ऑफिसात. मुलगी इरा, चार वर्षांची. उशिरा झालेली म्हणून लाडाची, आणि त्यामुळे आईबाप कायम अर्धमेले. शिवाय अनुराधाचे वडील राजाभाऊ, मूळचे कुडाळचे, व्हिजिट व्हिसावर आलेले. घरात त्यांना अप्पा म्हणतात.

इराला मराठी सगळं कळायचं, पण उत्तर इंग्रजीतच. "इरा, जेवायला ये" म्हटलं की आतून आवाज यायचा, "कमिंग, बाबा! वेट ना!"

आणि यायची मात्र नाही.

गेल्या बकरी ईदच्या सुट्टीत ओळखीतले सगळे बाकूला नाहीतर तिबिलिसीला गेले. हे चौघे गेले फिलिपिन्सला. अनुराधाच्या ऑफिसातली मारिसेल केव्हापासून मागे लागली होती, "मॅम अनु, यू कम टू माय प्लेस, नो हॉटेल." बोहोल बेटावर, समुद्रापासून बरंच आत तिचं गाव. गावामागे नदी. नदीचं पाणी हिरवं आणि संथ, काठावर एक अवाढव्य झाड. त्याच्या पारंब्या पाण्यात उतरलेल्या.

लहान मूल घेऊन सुट्टीवर जाणं म्हणजे काय, हे ज्यांनी केलंय त्यांना सांगायला नको. ज्यांनी केलं नाही त्यांना सांगून उपयोग नाही. वरद ऑफिसात जेवढा दमायचा त्याच्या दुप्पट तिथे दमला. फक्त पाठ भाजलेली होती आणि फोटोत तो हसत होता.

इरा मात्र खूश. सारा दिवस नदीवर. गावातली पोरं पारंब्यांवरून पाण्यात उड्या मारायची, ही काठावर बसून किंचाळायची. कोण कुणाचं पोर, किती आहेत, काही पत्ता नाही. जेवायच्या वेळी काही घरी जायची, काही पाण्यातच राहायची.

निघायच्या दिवशी संध्याकाळ झाली. फेरीबोट पकडायची होती. व्हॅन नदीकाठच्या रस्त्यावर उभी. इरा पोहून दमून अनुराधाच्या खांद्यावर गाढ झोपलेली, ओले केस टॉवेलात. वरदच्या दोन्ही हातांत बॅगा, गळ्यात तिची फुगवलेली रबरी रिंग.

तेवढ्यात मारिसेलची आई पुढे आली. सगळं गाव तिला लोला म्हणायचं, म्हणजे आजी. तिने वरदची बाही धरली आणि नदीकडे बोट दाखवून काहीतरी सांगू लागली.

मारिसेल हसत होती. आईला ती मामा म्हणायची. "सर वरद, मामा म्हणते, कॉल हर नेम. आमच्याकडे असंच करतात."

"कुणाचं नेम?"

"बेबीचं. लाउडली, नदीकडे तोंड करून. इरा, लेट्स गो होम, असं."

"अगं, ती ही काय इथे झोपलीय!"

"येस सर. बॉडी इज हिअर." मारिसेल पुन्हा हसली. "सो दॅट नथिंग स्टेज बिहाइंड."

राजाभाऊंनी कान टवकारले. "काय म्हणता ती म्हातारी?"

अनुराधाने सांगितलं.

"वेडी की काय!" राजाभाऊ ओरडलेच. "तिन्हीसांजेक, पाण्याकडे बघून पोराचा नाव घेऊन हाक मारूची? अनू, जावयबापूंक सांग, नाव घेऊचा नाय. अशा जाग्यावर नाव कळला की..."

"की काय होतं, अप्पा?"

"काय होता ता बघूक मी कधी थांबाक नाय."

लोलाने पुन्हा बोट दाखवलं. राजाभाऊंनी मान हलवली. दोन म्हातारी माणसं एकमेकांकडे बघून अतिशय सभ्यपणे हसत होती, आणि कुणी तसूभर हटत नव्हतं. एकीच्या गावात नाव घेतल्याशिवाय मूल हलवत नाहीत. दुसऱ्याच्या गावात नाव घेतलं तर मूल राहत नाही.

मध्ये वरद. ड्रायव्हरने हॉर्न दिला.

गल्फमधल्या नोकरीने वरदला एक कला शिकवली होती. दोन्ही पार्ट्यांना राग येणार नाही, आणि आपल्या अंगावरही काही येणार नाही, असा ईमेल लिहिणं. त्याने तोंडी तेच केलं. नदीकडे तोंड करून, नाव न घेता, लग्नाच्या हॉलमधून निघताना बायकामुलांना गोळा करतात त्या आवाजात तो ओरडला...

"चला रे! चला, सगळे चला! यल्ला!"

राजाभाऊ समाधानाने व्हॅनमध्ये चढले.

लोलाचं हसू गेलं. तिने मारिसेलला काहीतरी विचारलं. मारिसेलने खांदे उडवले.

आणि नदीवर... बेडूक ओरडायचे थांबले होते.

वरदच्या हे लक्षात आलं ते फार नंतर. तेव्हा त्याच्या मनात फक्त फेरी होती. त्याने बॅगा कोंबल्या आणि तो खिडकीशी बसला. सगळे बसले. तरी ड्रायव्हर सरकतं दार हातात धरून तसाच उभा राहिला. खाली, पायरीकडे बघत.

जसं अजून कुणीतरी चढतंय...

मग त्याने हलकेच दार लावलं.

दुबईत परतल्यावर सुरुवातीला सगळं छान होतं. छान म्हणजे इतकं छान की संशय यायला हवा होता. इरा रडत नव्हती, हट्ट करत नव्हती. आयपॅड मागत नव्हती. बसवलं तिथे बसायची, झोपवलं की झोपायची. नर्सरीच्या टीचरने मेसेज पाठवला की तुमची मुलगी फार समजूतदार झालीय, हॉलिडेचा फायदा दिसतोय.

मूल शांत झालं की आईबाप तक्रार करत नाहीत. झोपून घेतात.

त्यामुळे वरदच्या ध्यानात यायला उशीर झाला.

ती हाकेला वळत नव्हती.

"इरा."

काही नाही.

"इरा, बाळा, इकडे बघ."

ती भिंतीकडे बघत राहायची. जसं ते नाव दुसऱ्याच कुणाचं आहे, आणि ती दुसरी व्यक्ती आता उत्तर देईल म्हणून ही पण थांबलीय.

कान तपासले. डॉक्टर म्हणाला, कान उत्तम आहेत. "शी इज जस्ट इग्नोरिंग यू. नॉर्मली धिस स्टार्ट्स अॅट थर्टीन," असं म्हणून तो स्वतःच हसला.

मग ओल.

शुक्रवारी वरदचं ऑफिस अर्धा दिवस. घरी येऊन त्याने टिफिन धुतला, ताटं घेतली आणि सवयीने हाळी दिली, "चला, जेवायला चला!"

बेडरूमकडून आवाज आला.

थप... थप... थप...

ओल्या अनवाणी पावलांचा. लहान पावलांचा.

त्याने वळून पाहिलं. पॅसेजमध्ये कुणी नव्हतं. इरा तर आधीपासून टेबलाशी बसलेली होती, हात मांडीवर ठेवून.

टाइल्सवर मात्र पाणी होतं.

दुबईत घरात पाणी दिसलं की माणूस घाबरत नाही. मेंटेनन्सला फोन करतो. यहया नावाचा माणूस आला, त्याने स्टुलावर चढून एसी उघडला, बंद केला. "एसी ठीक है, सर. लीकेज नहीं." मग खाली उतरून त्याने बोट त्या पाण्यात बुडवलं आणि बोटाकडे बघत राहिला. "लेकिन ये मिट्टी... ये काली मिट्टी किधर से आया?"

वरदने हात झटकले. "बच्ची का जूता होगा."

 जाताना यहयाने बूट दाराबाहेर जाऊन घातले. त्याला घाई झालेली दिसत होती.

आणि ज्या दिवशी इराने न सांगता भेंडी खाल्ली, त्या दिवशी अनुराधा घाबरली.

"सगळी खाल्ली, वरद. मागून घेतली. वाटी पुढे केली!"

"बरंय की."

"काय बरंय? भेंडी बघून ओकारी काढणारी पोर आहे ती!" अनुराधाचा आवाज खाली आला. "परत आल्यापासून तिने मला एकदा तरी आई म्हटलंय का? आठव. तुला बाबा म्हटलंय?"

वरदने आठवून पाहिलं.

त्याला आठवलं ते इतकंच, की घरात किती दिवसांनी शांतता आहे असं त्याला वाटलं होतं. आणि ती शांतता त्याला आवडली होती.



मारिसेल तोवर सुट्टी संपवून परत आली होती. दुसऱ्या दिवशी लंच अवरला तिघे तळ्याकाठच्या कॉफी शॉपमध्ये बसले. अनुराधाने सगळं सांगितलं. भेंडीसकट.

"बट सर कॉल्ड हर, ना?" मारिसेल हसत म्हणाली. "त्या दिवशी? रिव्हरवर?"

"ही कॉल्ड एव्हरीबडी," अनुराधा म्हणाली.

मारिसेल हसायची थांबली.

तिने तिथूनच आईला फोन लावला. बराच वेळ त्यांचं बोलणं चाललं. मध्ये एकदा फोनवर हात ठेवून तिने विचारलं, "मामा विचारते, हाक मारली की बेबी ओ देते?"

"नाही."

"नेव्हर?"

"नेव्हर."

मारिसेलने ते आईला सांगितलं. मग लोला बोलली ते एका दमात.

मारिसेलने फोन ठेवला. "मामा म्हणते, तुम्ही इथून बोलावलं तर तिला ऐकू येणार नाही. फ्रॉम द रिव्हर ओन्ली. फादर शुड कॉल, नाव घेऊन. माझा भाऊ फोन घेऊन काठावर जाईल, सूर्य बुडाल्यावर. तुमच्याकडे तेव्हा दुपार असेल."

"म्हणजे इरा तिथे..." अनुराधाने कप खाली ठेवला.

"मारिसेल, नाव नाही घेतलं तर होतं काय नेमकं?" वरदने विचारलं. त्याला कुठल्याही प्रोसेसचं कारण लागायचं.

"आय डोन्ट नो, सर," मारिसेल म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. "वी ऑल्वेज कॉल. न बोलावता कुणी गेलंच नाही कधी."

घरी राजाभाऊंना सांगितलं तेव्हा ते आधी भडकले. मग कुडाळच्या सगळ्या देवांची नावं घेऊन झाली. मग सोफ्यावर बसून ते इराकडे बघत राहिले. ती गालिच्यावर बसली होती, त्यांच्याकडे पाठ करून. मानेवरचे केस ओले होते. आंघोळ सकाळीच झाली होती.

"इरा," त्यांनी हाक मारली.

काही नाही.

"अगो इरा. आजोबाक ओ दी गो."

काही नाही.

राजाभाऊ तोंड पुसल्यासारखं करून उठले. "माझ्या नियमान ती थंय रवली," ते वरदला म्हणाले. "आता त्या बायच्या नियमान आण. मार हाक. नाव घेऊन मार."

शुक्रवार ठरला.

दुपारी तीनचा सुमार. अनुराधाने रजा घेतली होती; तिने इराला बेडरूममध्ये झोपवलं. राजाभाऊ बेडरूमच्या दारात खुर्ची टाकून बसले. पडदे ओढले. वरद हॉलमध्ये फोन समोर धरून उभा राहिला. अनुराधाने त्याचा दंड धरला होता.

व्हिडिओ लागला.

तिकडे अंधार पडला होता. मारिसेलच्या भावाचा श्वास ऐकू येत होता. टॉर्चच्या उजेडात पाणी दिसत होतं, काळं, न हलणारं. त्यात उतरलेल्या पारंब्या. बाजूला लोलाचा झगा.

बेडकांचा आवाज येत होता... टर्र... टर्र...

"कॉल, सर," भाऊ कुजबुजला.

वरदने घसा साफ केला. रिकाम्या हॉलमध्ये भर दुपारी फोनमधल्या नदीला हाक मारायची. त्याला लाज वाटली. इतकी मोठी गोष्ट असूनही वाटली.

"इरा."

"लाउडर, सर."

"इरा! चल बाळा, घरी चल."

बेडूक... थांबले.

वरच्या मजल्यावर कुणीतरी खुर्ची सरकवली. बाकी काही नाही. लोला पाण्याच्या अगदी कडेला गेली आणि तीही घरी चल म्हणत हाक मारू लागली, तिच्या भाषेत, गाण्यासारखी. "उली ना ता, इरा... उली ना ता..."

आता वरदची लाज गेली.  तो बेंबीच्या देठापासून ओरडला.

"इराऽऽ! बाबा आलाय गं! चल! इराऽऽ!"

पाण्यात काहीतरी डुचमळलं.

आणि फोनमधून, लांबून, पारंब्यांच्या पलीकडून...

"कमिंग, बाबा! वेट ना!"

अनुराधाच्या तोंडून हुंदका फुटला. तिकडे टॉर्च हेलकावला. भाऊ काहीतरी बडबडत मागे सरकत होता.

"इरा! ये! ये बाळा!"

"मी आलेय ना."

हे फोनमधून आलं नव्हतं.

 वरद सावकाश वळला.

पॅसेजच्या तोंडाशी इरा उभी होती. मागे खुर्चीत राजाभाऊ, डोळे सताड उघडे, पण हलत नव्हते. इराच्या अंगावर सशांचा नाइटड्रेस होता. केसांतून पाणी टपकत होतं.

टप... टप...

"मी आलेय ना," ती पुन्हा म्हणाली. स्वच्छ मराठीत. इरा जन्मात बोलली नव्हती इतक्या स्वच्छ मराठीत. "तुम्हीच म्हणालात, सगळे चला."

तुम्ही.

परक्या घरी आलेलं शहाणं मूल बोलतं तसं.

वरदला पुढचं नीट सांगता येत नाही. तो म्हणतो, तिचा चेहरा इराचाच होता. तो चेहरा त्याने रोज धुतला होता. त्या हातांची नखं कापली होती. ताप आला तेव्हा कपाळावर पट्ट्या ठेवल्या होत्या. ती काही करत नव्हती. रडतही नव्हती. फक्त बघत होती, की हा माणूस आता काय म्हणतो.

फोनमधून पुन्हा आवाज आला. आता जास्त लांबून. "बाबा? व्हेअर आर यू?"

लोला ओरडत होती. शब्द कळत नव्हते, अर्थ कळत होता. आता थांबू नकोस.

वरदने पॅसेजमधल्या पोरीकडे बघत, तिच्या डोळ्यांत बघत, फोनमध्ये हाक मारली.

"इरा. फक्त तू. घरी ये."

पॅसेजमधली मुलगी थोडा वेळ तशीच उभी राहिली. मग तिने मान हलवली. समजलं, अशी. आणि वळून बेडरूममध्ये गेली.

थप... थप... थप...

फोन बंद पडला.

दोघेही आत धावले. राजाभाऊ आता जागचे उठले होते आणि आपण कधी झोपलो असं विचारत होते. ते झोपले नव्हते, हे कुणी त्यांना सांगितलं नाही.

पलंगावर इरा झोपलेली होती. आडवी. तोंड उघडं, एक पाय उशीवर, पांघरूण जमिनीवर. केस कोरडे.

"इरा," अनुराधा म्हणाली. 

डोळे उघडले. आधी कपाळाला आठ्या. मग ओठ वाकडा. मग असा काही टाहो, की खालच्या सलूनमधल्यांनी वर पाहिलं असेल.

"यू आर सो लेट, बाबा! आय वॉज कॉलिंग अँड कॉलिंग!"

तिने वरदच्या पोटात लाथ मारली. वरद आयुष्यात लाथ खाऊन इतका रडला नव्हता. राजाभाऊ बाथरूममध्ये गेले आणि नळ सोडून बराच वेळ बाहेर आले नाहीत.

त्या रात्री अनुराधाने मुद्दाम भेंडी केली. इराने ताट ढकललं. अनुराधाने तिचे मुके घेतले.

इतकंच असतं तर ही गोष्ट सांगायचं कारण नव्हतं.

वरदने इराला एकदाच विचारलं. "तू तिथे का राहिलीस गं?"

ती ब्लॉक्स रचत होती. "बिकॉज यू सेड एव्हरीबडी. यू डिडन्ट से इरा." मग एक ब्लॉक वर ठेवून, "दे ऑल लुक्ड अॅट इच अदर. देन वन वेंट."

"कोण गेलं?"

"द स्मॉल वन. शी नेव्हर गॉट टू गो एनीव्हेअर." मनोरा पडला आणि ती दुसऱ्याच गोष्टीवरून रडू लागली.

मारिसेलने आईला फोन करून कळवलं की बेबी ओके. वरद समोरच होता. लोला आनंदाने खूप काही बोलली. मग तिने एक प्रश्न विचारला. छोटासा. मारिसेलचा चेहरा बदलला.

"काय म्हणाल्या?"

"नथिंग, सर," मारिसेलने फोन पर्समध्ये टाकला. "मामा सेज टेक केअर."

तो प्रश्न काय असेल, हे न समजण्याइतका वरद दमलेला नव्हता. नदीने एक परत दिलं होतं. पण नदीला तिचं परत मिळालं का, हे तिकडे काठावर बसणाऱ्या म्हातारीला माहीत असणार.

त्यानंतर काही झालं नाही. राजाभाऊ व्हिसा संपल्यावर कुडाळला गेले. एअरपोर्टवर त्यांनी इराचं नाव घेऊन, सगळ्या टर्मिनलला ऐकू जाईल अशी हाक मारली आणि तिने ओ दिल्यावरच ते आत गेले. टाइल्सवर पाणी दिसत नाही. काळी माती नाही. यहया लिफ्टमध्ये भेटला की हसतो, चौथ्या मजल्यावर मात्र दुसऱ्याला पाठवतो.

फक्त शुक्रवारची दुपार.

अनुराधाला तेव्हा ऑफिस असतं. वरद लवकर येतो, इराला जेवू घालतो आणि तिच्यासोबत आडवा होतो. इरा भिंतीकडच्या बाजूला, त्याच्या उजव्या हातावर डोकं ठेवून. झोपेत लाथा मारते, पुटपुटते, लाळ गाळते. त्यावरून ती कोण हे कळतं. तो आता ते दर वेळी तपासतो.

मागे एका शुक्रवारी असाच तो पडला होता. डोळे मिटत आले होते. घामट, जड झोप.

पलंगाची डावी कड... हळूच दबली.

मग त्याच्या डाव्या दंडावर काहीतरी टेकलं. लहान. गार. ओल्या केसांचं.

तो हलला नाही. त्याला ओरडायचं होतं. पण उजव्या हातावर इरा होती, ती उठली असती.

त्याने मान वळवली नाही. आजतागायत वळवलेली नाही. त्याने फक्त ऐकलं. एक बारीक श्वास, अगदी सांभाळून घेतलेला. आवाज केला तर घालवून देतील, अशा बेताने घेतलेला.

जा, असं म्हणायला हवं होतं. त्याने तोंड उघडलंही. पण नाव घेतल्याशिवाय जा कुणाला म्हणायचं? आणि नाव त्याला ठाऊक नव्हतं. विचारायची हिंमत नव्हती.

बराच वेळ तो तसाच पडून राहिला. डावा हात बधिर होत गेला. खोली थंडगार होती, आणि ते कुडकुडत होतं. अगदी बारीक, पण कुडकुडत होतं.

शेवटी वरदने डोळे मिटून घेतले, पायाने दुलई वर ओढली आणि चाचपडत तिची एक बाजू डावीकडे पसरली.